सव्वा किलोच्या जिवासाठी पुरावा

जन्मल्यापासून 28 दिवस पूर्ण होईपर्यंतच्या बाळाला वैद्यकशास्त्र नवजात म्हणते. बालपणातला सर्वांत धोक्याचा काळ हाच. नमुना नोंदणी पद्धतीच्या 2020 च्या अहवालानुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे 32 मुले पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती आणि त्यांतली 20 पहिल्या चार आठवड्यांतच जात होती. त्याच वर्षी नवजात मृत्युदर राजस्थानात 23 आणि महाराष्ट्रात 11 होता. हे मृत्यू मुख्यतः तीन कारणांनी होतात: दिवस भरण्याआधी जन्म, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग. ही कारणे जगभर सारखी आहेत. मात्र एका ठिकाणी गुणकारी ठरलेला उपाय दुसऱ्या ठिकाणी निष्फळ ठरतो आणि कधी घातकही ठरतो. म्हणून बाळ जिथे जन्मते आणि जिथे उपचार घेते, तिथेच त्या उपायाची पारख व्हावी लागते. नवजातांवरील क्लिनिकल संशोधन म्हणजे ही पारख. तिची गरज, तिच्या वाटा आणि तिच्यातल्या अडचणी जयपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या रचनेत ठळकपणे दिसतात.

आई एका इमारतीत, बाळ दुसरीत

जयपूरचे सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय 1947 सालचे. सांगानेरी गेटचे महिला चिकित्सालय आणि चांदपोलचे जनाना अस्पताल ही त्याच्याशी जोडलेली प्रसूतीची मोठी रुग्णालये. जवाहरलाल नेहरू मार्गाजवळचे जे. के. लोन हे मुलांचे रुग्णालय. शोधनिबंधांत ते सर पदमपत यांच्या नावाने नोंदले जाते, पण रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला जे. के. लोनच म्हणतात. दौसा, टोंक, सीकर अशा आसपासच्या जिल्ह्यांतून अत्यवस्थ बाळे इथे पाठवली जातात.

डॉक्टरांच्या बोलण्यात बाळांचे दोन वर्ग असतात. त्याच रुग्णालयात जन्मलेले बाळ 'इनबॉर्न' आणि बाहेरून आणलेले 'आउटबॉर्न'. इनबॉर्न बाळाच्या जन्मवेळी डॉक्टर हजर असतो. आई जवळ असते आणि तिच्या गरोदरपणाची नोंद हाताशी असते. आउटबॉर्न बाळ अनेकदा वडिलांच्या किंवा आजीच्या हातून येते. सोबत 'रेफर' असे लिहिलेली एक चिठ्ठी असते आणि सिझेरियन झालेली आई शंभर किलोमीटरवरच्या खाटेवर असते. बाळ जन्मताच रडले का, पहिले दूध कधी मिळाले, वाटेत किती वेळ गेला, यांची उत्तरे आणणाऱ्याला माहीत असतीलच असे नाही. या दोन वर्गांचे निष्कर्ष एकत्र मिसळले तर रुग्णालयाचा मृत्युदर काहीच धड सांगत नाही. म्हणून नवजात विभागातल्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासात त्यांची नोंद वेगळी ठेवतात.

ही परिस्थिती एका मोठ्या बदलातून आली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राजस्थानात 2005-06 मध्ये सुमारे 30 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. 2015-16 मध्ये ते प्रमाण 84 टक्के झाले आणि 2019-21 मध्ये सुमारे 95 टक्के. 2005 ची जननी सुरक्षा योजना, 2011 चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आणि 104 क्रमांकाची जननी एक्सप्रेस यांचा त्यात मोठा वाटा आहे. जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजातांसाठी विशेष कक्ष उभे राहिले. त्यांना सगळेच 'एसएनसीयू' म्हणतात. पूर्वी घरीच, कुणाला कळायच्या आत दगावणारी बाळे आता दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचतात. पोहोचल्यावर त्यांच्यासाठी नेमके काय करावे, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो संशोधनाचा आहे.

मनाला पटलेले आणि तपासून ठरलेले

नवजातशास्त्राच्या इतिहासात सद्हेतूने केलेल्या उपायांनी नुकसान झाल्याची उदाहरणे बरीच आहेत. अकाली जन्मलेल्या बाळाला श्वास घेणे जड जाते, तेव्हा भरपूर प्राणवायू द्यावा, हे 1940 च्या दशकात सर्वांना पटले होते. हजारो मुले त्यामुळे दृष्टी गमावून बसली. जास्त प्राणवायूने डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या बिघडतात, हे 1953-54 मध्ये अमेरिकेतील 18 रुग्णालयांच्या चाचणीतून सिद्ध झाले. मग प्राणवायू फार आवरता घेतला गेला. 2010 मधल्या मोठ्या चाचणीत दिसले, की रक्तातील प्राणवायूचे प्रमाण 85 ते 89 टक्क्यांवर ठेवले तर डोळे वाचतात, पण 91 ते 95 टक्क्यांच्या तुलनेत मृत्यू वाढतात. योग्य पट्टा अरुंद आहे आणि तो अंदाजाने सापडत नाही.

दुसरे उदाहरण मराठी मुलखाच्या जवळचे आहे. अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले, तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमध्ये 1972 साली हे दाखवले. मग हे स्वस्त औषध गावोगाव का पोहोचवू नये? या प्रश्नावर सहा देशांत मोठी चाचणी झाली. नागपूर आणि बेळगाव ही तिची भारतातली केंद्रे. 2015 मध्ये निष्कर्ष आले. फार कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. सगळी बाळे मिळून पाहिली, तर स्टिरॉइड पोहोचवलेल्या भागांत हजारामागे साडेतीन मृत्यू उलट जास्त झाले. गावपातळीवर गर्भाचे दिवस अचूक मोजता येत नव्हते, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक मातांची बाळे तितकी लहान नव्हतीच.

पाच वर्षांनी, 2020 मध्ये, भारतासह पाच देशांतील आणखी एका चाचणीचा निष्कर्ष आला. बेळगाव तिच्यातही होते. या वेळी सोनोग्राफीने दिवस मोजले आणि बाळाची काळजी घेऊ शकणारी रुग्णालयेच निवडली. डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात 19.6 टक्के बाळे दगावली, तर दुसऱ्या गटात 23.5 टक्के. औषध जवळपास तेच असूनही, कुठे आणि कोणाला दिले यावरून निकाल उलटला.

जन्मताना गुदमरलेल्या बाळाचा मेंदू वाचवण्यासाठी त्याचे शरीर 72 तास साडेतेहतीस अंशांच्या आसपास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रुळलेला आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत 408 बाळांवर त्याची चाचणी झाली. मुंबईचे शीव रुग्णालय त्यात होते. 2021 मध्ये छापलेल्या निष्कर्षांत थंड केलेल्या गटातील 42 टक्के बाळे दगावली आणि नेहमीची काळजी मिळालेल्या गटातील 31 टक्के. अपंगत्वही कमी झाले नाही. ही चाचणी झाली नसती, तर पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकाच्या भरवशावर हा उपचार देशभर पसरला असता.

ऊब

जयपूरची जानेवारीतली रात्र सात-आठ अंशांपर्यंत उतरते आणि मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. नवजात बाळाला दोन्ही टोके सोसत नाहीत. ओल्या अंगाने जन्मलेल्या बाळाच्या त्वचेवरचे पाणी उडताना शरीराची उष्णता घेऊन जाते. वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा आणि चरबीचा थर पातळ. दीड किलोच्या बाळात तर ऊब निर्माण करणारी विशेष चरबीही नावापुरतीच असते. अंगाचे तापमान 36.5 च्या खाली गेले, की बाळ साखर जाळून ऊब राखू पाहते. साखर संपते, श्वास मंदावतो, रक्तात आम्ल साचते. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतिगृह किमान 25 अंशांवर ठेवायला सांगते. उन्हाळ्यात दुसरेच संकट येते. आईचे दूध पुरेसे न उतरलेल्या बाळाच्या शरीरातले पाणी आटते आणि सोडियम वाढते.

ऊब देण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आईची छाती. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरतात आणि वरून कापडाने बांधतात. या कांगारू पद्धतीची सुरुवात 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात इन्क्युबेटरच्या टंचाईतून झाली. मुंबईच्या शीव रुग्णालयाने आपल्याकडे ती कितपत जमते, हे तपासून 2005 मध्ये निष्कर्ष छापले. पश्चिम राजस्थानचा अनुभव जोधपूरच्या डॉक्टरांनी 2007 मध्ये मांडला.

तेव्हापर्यंतचा नियम असा, की आधी बाळ स्थिर होऊ द्यावे आणि मगच आईकडे द्यावे. पण अतिलहान बाळांचे बरेचसे मृत्यू स्थिर होण्याची वाट पाहतानाच होतात. म्हणून जन्मानंतर लगेच कांगारू काळजी सुरू केली तर काय होते, याची चाचणी पाच देशांतील पाच रुग्णालयांत झाली. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. 1 किलो ते 1.799 किलो वजनाची 3,211 बाळे तिच्यात होती. लगेच आईजवळ दिलेल्या गटात 28 दिवसांत 12 टक्के बाळे दगावली, तर प्रचलित काळजी मिळालेल्या गटात 15.7 टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की देखरेख समितीच्या सल्ल्याने चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली.

हा निष्कर्ष अमलात आणायचा तर अतिदक्षता कक्षाची मांडणीच बदलावी लागते. वॉर्मरशेजारी आईची खाट हवी. प्रसूतितज्ज्ञाने तिला तिथे येऊन तपासले पाहिजे, तिचे जेवण, औषधे आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवे. आई थकली की आजी, मावशी किंवा वडिलांनी बाळ छातीशी घ्यायचे असते. चाचणीत बाळे दिवसाला सरासरी सुमारे 17 तास अशी धरली गेली. महिला चिकित्सालयात जन्मलेल्या बाळासाठी ही व्यवस्था करता येण्यासारखी आहे. टोंकहून एकट्याने आलेल्या बाळासाठी मात्र आईलाही त्याच गाडीतून आणावे लागेल. बाळ आणि आई यांना एकत्रच रेफर करणे, हा त्या संशोधनाचा जयपूरपुरता खरा अर्थ आहे.

दूध

राजस्थानात बाळाला पहिल्यांदा घुट्टी चाटवण्याची रीत आहे. गुळाचे पाणी, मध किंवा काढा घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या बोटाने दिला जातो. तिचे गुण बाळात उतरावेत, ही त्यामागची माया. पण पहिल्या तासातले चिकाचे दूध त्यामुळे मागे पडते आणि बोटावरचे जंतू पोटात जातात. अकाली जन्मलेल्या बाळाचे आतडे तर फारच नाजूक. पावडरचे दूध दिल्यास आतडे सडण्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका दात्या मातेच्या दुधाच्या तुलनेत जवळपास दुप्पट होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे.

स्वतःच्या आईचे दूध सर्वांत उत्तम. ते नसेल तर दुसऱ्या आईचे, प्रक्रिया केलेले. आशियातील पहिली दुग्धपेढी 1989 मध्ये शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. राजस्थानात 2013 मध्ये उदयपूरला आणि 2015 मध्ये जयपूरच्या महिला चिकित्सालयात 'जीवनधारा' ही पेढी उघडली. जयपूरच्या पेढीला भारत-नॉर्वे सहकार्याचा आधार होता.

पेढीचे काम शिस्तीचे असते. दात्या आईची एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिससाठी तपासणी होते. दूध पंपाने काढून 62.5 अंशांवर 30 मिनिटे तापवतात, झटकन थंड करतात, नमुना प्रयोगशाळेत पाठवतात आणि अहवाल स्वच्छ आल्यावरच गोठवलेल्या साठ्यातून वापरायला काढतात. दूध देणाऱ्या बहुतेक माता त्याच रुग्णालयातल्या असतात आणि त्यांतल्या कित्येकींची स्वतःची बाळे आत दाखल असतात. त्यामुळे पेढीचे यश किती लिटर दूध साठले यावर मोजणे अपुरे आहे. किती माता स्वतःच्या बाळाला पाजू लागल्या, हे त्याहून महत्त्वाचे माप. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही स्वतःच्या आईच्या दुधालाच अग्रक्रम दिला आहे.

जंतू

नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला, तरी ताप येईलच असे नाही. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडते, गार पडते. रक्ताचा नमुना कल्चरला पाठवल्यावर उत्तराला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढा वेळ थांबता येत नाही. म्हणून प्रतिजैविक अंदाजाने सुरू होते. तो अंदाज त्या रुग्णालयातल्या जंतूंच्या माहितीवर उभा असावा लागतो. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत 13,530 नवजातांवर झालेला आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा सर्वाधिक आढळलेला जंतू निघाला आणि त्याचे सुमारे 82 टक्के नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. बहुतेक संसर्ग पहिल्या 72 तासांतच झालेले होते. यावरून प्रसूतिगृहातली आणि कक्षातली स्वच्छता हीच पहिली औषधयोजना ठरते. कोणत्याही शहरातल्या नवजात विभागाने आपल्या कल्चरचा हिशेब दर काही महिन्यांनी मांडणे हे छोटे, पण जीव वाचवणारे संशोधन आहे.

संसर्ग दवाखान्याबाहेरही रोखता येतो, याचा पुरावा गडचिरोलीने दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, ऊब राखणे, संसर्गाची चिन्हे ओळखणे आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे शिकवले. तुलनेसाठी 47 गावे होती. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांत हजारी 59.6 होता आणि या गावांत 25.5. देशभर 2011 पासून आशा कार्यकर्त्या करत असलेल्या घरभेटींचे मूळ या कामात आहे. राजस्थानात त्यांना आशा सहयोगिनी म्हणतात. जे. के. लोनमधून घरी गेलेल्या बाळाचे पुढचे दिवस त्यांच्याच नजरेखाली जातात.

चाचणी कशी चालते

वैद्यकीय महाविद्यालयातले बरेच संशोधन एमडीच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधातून होते. विषय ठरतो, नैतिकता समितीची मंजुरी मिळते आणि औषधाची चाचणी असेल तर ती 2007 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत आधीच नोंदवावी लागते. मग क्रमांक घातलेली, बंद, अपारदर्शक पाकिटे तयार होतात. पात्र बाळ आले आणि पालकांनी होकार दिला, की पाकीट फोडायचे. आतल्या कागदावर गट लिहिलेला असतो. बाळ कोणत्या गटात जावे हे डॉक्टरच्या मनावर सोडले, तर नकळत सशक्त बाळे एकीकडे आणि अशक्त दुसरीकडे जातात आणि तुलना फसते.

संमती हा यातला सर्वांत अवघड भाग. आई शस्त्रक्रियेतून सावरते आहे, वडील बाहेर औषधांच्या रांगेत आहेत आणि बाळाचा श्वास अडतो आहे. अशा वेळी छापील हिंदी मजकूर पुढे करून सही घेणे म्हणजे संमती नव्हे. ढूंढाड़ी बोलणाऱ्या कुटुंबाला त्यांच्या बोलीत सांगावे लागते, की दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे अजून ठाऊक नाही, नकार दिला तरी काळजीत कसूर होणार नाही आणि मधेच बाहेर पडता येईल. वाचता न येणाऱ्या पालकाच्या अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. प्रसूतीआधीच गरोदर स्त्रियांना माहिती देणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे, पण आउटबॉर्न बाळाच्या बाबतीत तो उपयोगी पडत नाही.

प्रबंधाची मर्यादा मुदतीत आणि संख्येत असते. प्रत्येक गटात शंभर बाळे घेतली आणि एकीकडे 16 व दुसरीकडे 12 दगावली, तर तो फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. कांगारू चाचणीत जवळपास तेवढाच फरक तीन हजारांहून अधिक बाळांत दिसला, म्हणून तो मानला गेला. वजनवाढ, तापमान, दूध पूर्ण सुरू व्हायला लागलेले दिवस, या गोष्टी एका महाविद्यालयाला मोजता येतात. मृत्यू आणि अपंगत्वाचे प्रश्न सोडवायला अनेक रुग्णालयांनी एकच आराखडा घेऊन एकत्र यावे लागते. जयपूर, जोधपूर, उदयपूर, कोटा, बिकानेर आणि अजमेर इथली सरकारी महाविद्यालये तसे करू शकतात.

घरी गेल्यानंतर

डिस्चार्जच्या कागदावर 'प्रकृती समाधानकारक' असे लिहिले, तरी निष्कर्ष तिथे पूर्ण होत नाही. बाळ वाचले, पण त्याला दिसते का, ऐकू येते का, ते चालेल का, शिकेल का? भारतात 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर 30 दिवसांच्या आत तपासावेत असा नियम आहे. प्राणवायू मोजून देण्याची साधने अपुरी असली, की आपल्याकडे तुलनेने मोठ्या बाळांनाही डोळ्याच्या पडद्याचा आजार होतो, म्हणून मर्यादा पाश्चात्त्य देशांपेक्षा सैल ठेवली आहे. ही तपासणी चुकली तर काही आठवड्यांतच दृष्टी कायमची जाऊ शकते.

विकास मोजण्यासाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवरून तयार केलेली मोजपट्टी आजही देशभर वापरली जाते. दीर्घ पाठपुराव्याचा आदर्श पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा. तिथल्या डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या मुलांची तपासणी सुरू केली आणि ती प्रौढ होईपर्यंत चालू ठेवली. बारा वर्षांच्या वयात या मुलांची बौद्धिक आणि शालेय प्रगती कशी आहे, हे त्यामुळे कळू शकले.

जयपूरसारख्या ठिकाणी असा पाठपुरावा टिकवणे कठीण आहे. कुटुंब वीटभट्टीवर किंवा शेतात कामाला जाते, मोबाइल क्रमांक बदलतो, दिवसाची मजुरी आणि बसभाडे परवडत नाही. पाठपुराव्यातून निसटलेली बाळे बहुधा सर्वांत गरीब आणि सर्वांत दूरची असतात. ती मोजली नाहीत, तर निष्कर्ष खऱ्यापेक्षा चांगले दिसतात. प्रवासखर्च देणे, जिल्हा रुग्णालयातच तपासणी करणे आणि आशा सहयोगिनीच्या वहीशी रुग्णालयाची नोंद जोडणे, हे संशोधनाचेच भाग मानावे लागतात.

भारताने 2014 च्या नवजात कृती आराखड्यात 2030 पर्यंत नवजात मृत्युदर एकेरी आकड्यात आणण्याचे ठरवले आहे. तिथे पोहोचण्यासाठी लागणारे ज्ञान बरेचसे हाताशी आहे: ऊब, आईचे दूध, स्वच्छ हात, मोजून दिलेला प्राणवायू आणि वेळेवर ओळखलेला संसर्ग. उरलेला मोठा प्रश्न दूरवरून, आईविना आणलेल्या बाळाचा आहे. त्याची वाटेतली काळजी, आईसह स्थलांतर आणि घरी परतल्यानंतरची वाढ यांवरचे उत्तर परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ते जयपूरसारख्या शहरांतल्या कक्षांत, तिथल्याच बाळांच्या नीट ठेवलेल्या नोंदींतून शोधावे लागेल.